घागर, झील आणि 'हो! हे!' : अमेरिकन फोक रॉक आपल्याला इतकं घरचं का वाटतं?

इअरफोन लावलेत का? बसमध्ये असाल तर एक कान मोकळा ठेवा, स्टॉप चुकेल. मी बोलतेय बिबवेवाडीतून, माझ्या नेहमीच्या खोलीतून. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या, आमच्याकडे साउंडप्रूफ फक्त शेजारच्या काकांचे कान आहेत.

आजचा एपिसोड एका मेसेजमुळे आला. आपल्याच एका श्रोत्याने, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाने लिहिलं होतं: "ताई, मी ते गिटार, टाळ्या आणि 'हे, हे' ओरडणारे अमेरिकन फोक रॉक बँड खूप ऐकतो. अर्धे शब्द कळत नाहीत. तरी असं वाटतं की कोणीतरी खांद्यावर हात ठेवलाय. मित्र म्हणतात, हे सगळं मार्केटिंग आहे, जाहिरातींचं म्युझिक आहे. आपलं काहीच नाही त्यात. खरंच मी येडा बनतोय का?"

मला हा प्रश्न जाम आवडला. कारण यात दोन प्रश्न आहेत. पहिला, ही ऊब नेमकी येते कुठून? आणि दुसरा, ती खरी आहे की बनवलेली? आज आपण दोन्हींच्या मागे लागू. आणि शेवटी एक तिसरा प्रश्न निघतो, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो आत्ताच सांगत नाही.

सुरुवात करू त्या 'हे'पासून.

द लुमिनिअर्स नावाचा बँड आहे. 2012 साली त्यांचा पहिला अल्बम आला आणि त्यातलं 'हो हे' हे गाणं अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. तुम्ही ऐकलंच असेल, नसेल ऐकलं तरी ऐकलं असेल, कारण ते कॅफेत, रीलमध्ये, सगळीकडे वाजलंय. आता गंमत बघा. या बँडमधले वेस्ली शुल्ट्झ आणि जेरेमाया फ्रेट्स हे न्यू जर्सीचे. आधी न्यूयॉर्कच्या छोट्या छोट्या जागांमध्ये वाजवायचे. समोरचे लोक काय करायचे? आपसात गप्पा मारायचे, ड्रिंक मागवायचे, यांच्याकडे पाठ. तर लोकांचं लक्ष वेधायला म्हणून गाण्यात मध्ये मध्ये जोरात ओरडायचं, असा तो प्रकार सुरू झाला. म्हणजे 'हो' आणि 'हे' ही सजावट नव्हती. ती हाक होती. "अहो, इकडे बघा की जरा!"

आता मला सांगा, ही युक्ती आपण कुठे ऐकलीय?

पोवाडा! शाहीर पुढे उभा राहून ओळ म्हणतो आणि मागचे दोघं-तिघं 'जी जी रं जी' करून ती उचलतात. त्यांना झीलकरी म्हणतात आणि ते जे करतात ती झील. झीलकऱ्याचं काम नुसतं सूर लावायचं नसतं. शाहिराला श्वास घ्यायला वेळ द्यायचा, ऐकणाऱ्याला सांगायचं की ओळ संपली, आता पुढची येतेय, जागा राहा. पूर्वी मैदानात माइक नव्हता. हजार माणसांचं लक्ष एका माणसाच्या गळ्याने कसं धरायचं? तर झील धरून. ब्रुकलिनच्या बारमधली अडचण आणि गावाच्या चावडीपुढची अडचण एकच होती, आणि दोन्हीकडे उत्तरही तेच निघालं.

म्हणून माझा पहिला मुद्दा: ही जी ऊब वाटते ना, ती 'छान वाटणं' नाही. ती आमंत्रण आहे. गाण्यात तुमच्यासाठी जागा सोडलेली असते. इंग्रजी शब्द न कळताही तुम्हाला कळतं की इथे मी ओरडायचंय. भजनात पहिल्यांदा बसलेल्या माणसाला सगळा अभंग येत नाही, पण ध्रुवपद येतंच. टाळ हातात दिला की तो मंडळाचा झाला.

दुसरी गोष्ट, वाद्यं.

फोक रॉक म्हटलं की आपल्याला गिटार दिसते. पण या संगीताचा जो खेळकरपणा आहे, खोडकरपणा म्हणा हवं तर, तो गिटारमधून आलेला नाही. त्याचं मूळ एका भन्नाट प्रकारात आहे, त्याला जग बँड म्हणतात. जग म्हणजे अक्षरशः जग, दारूचा किंवा काकवीचा मातीचा मोठा बुधला. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिणेत, लुईव्हिल, मेम्फिस अशा शहरांमध्ये गरीब कृष्णवर्णीय वादक रस्त्यावर वाजवायचे. बासचं मोठं वाद्य परवडत नाही? मग रिकामा बुधला तोंडाजवळ धरायचा, ओठ थरथरवायचे, आत तो आवाज घुमतो आणि 'भूं भूं' असा खर्ज निघतो. ड्रम नाहीत? कपडे घासायची पन्हाळीची पाटी घ्यायची, बोटांत शिंप्याची अंगुस्तानं घालायची आणि खर्र खर्र ठेका धरायचा. कंगव्याला कागद लावून फुंकायचा. 1927 मध्ये मेम्फिस जग बँडची रेकॉर्डिंग्ज झाली, ती आजही ऐकायला मिळतात. ऐका एकदा, हसूच येतं, इतकी मजा आहे.

आता बुधल्याचं ऐकून तुमच्यातल्या काही जणांच्या डोक्यात घंटा वाजली असेल. नवरात्रात अष्टमीच्या रात्री, महालक्ष्मीपुढे बायका काय करतात? घागर फुंकतात! पुण्यात कोकणस्थ घरांमध्ये, मंगल कार्यालयांमध्ये आजही हे चालतं. उकडीचा मुखवटा केलेली देवी, समोर घागरी घेतलेल्या बायका, घागरीच्या तोंडावर फुंकर मारत, घुमवत, नाचत. तो 'घूं' असा आवाज मला लहानपणी भयंकर भारी वाटायचा. आईला विचारलं होतं की हे वाद्य आहे का, तर म्हणाली, "वाद्य कसलं, घागर आहे ती." तिकडे त्या जगवाल्याच्या आईनेही हेच सांगितलं असणार.

माझं म्हणणं असं नाही की मेम्फिसची कला पुण्याहून गेली. तसले फॉरवर्ड मेसेज आपल्याकडे पुष्कळ येतात, त्यात मी भर घालणार नाही. म्हणणं एवढंच आहे की घरातल्या वस्तूला वाद्य करायची खुमखुमी माणसात सगळीकडे सारखी आहे. आणि ज्या संगीतात घागर, पाटी, कंगवा असतो, ते ऐकताना तुम्हाला असं वाटत नाही की हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. उलट वाटतं, अरे, हे तर आपणही करू शकतो! खेळकरपणा तिथून येतो.

या जग बँडवाल्यांची पोरं म्हणजे साठच्या दशकातले बँड. रक्ताची नाही, कानाची पोरं. न्यूयॉर्कचा लव्हिन स्पूनफुल घ्या. 1965 साली त्यांचं 'डू यू बिलीव्ह इन मॅजिक' आलं. त्यांचा जॉन सेबॅस्टियन आधी एका जग बँडमध्येच होता. तिकडे कॅलिफोर्नियात ग्रेटफुल डेड हा पुढे प्रचंड गाजलेला बँड, त्याची सुरुवात 1964 मध्ये एक जग बँड म्हणूनच झाली. त्याच 1965 मध्ये द बर्ड्‌स या बँडने बॉब डिलनचं 'मिस्टर टॅम्बुरिन मॅन' इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. जुलैमध्ये डिलन स्वतः न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तर काही लोकांनी हुर्यो उडवली. "हे आपलं नाही," म्हणाले. बघा, तुझ्या मित्रांनी जे म्हटलं ते साठ वर्षांपूर्वीही कोणीतरी म्हटलंच होतं.

तिसरी गोष्ट, आवाज. आणि ही माझी लाडकी.

द बँड नावाचा बँड होता. नावच 'द बँड'. पुण्यात एखाद्या मिसळवाल्याने 'मिसळ' एवढंच नाव ठेवावं तसं. पाच जण, त्यातले चार कॅनडाचे आणि एक, लेव्हन हेल्म, अमेरिकेतल्या आर्कान्सॉचा शेतकऱ्याचा मुलगा. 1968 मध्ये त्यांचा 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक' हा अल्बम आला. बिग पिंक म्हणजे काय? वुडस्टॉकजवळचं एक गुलाबी रंगाचं घर, जिथे ते राहायचे, तळघरात वाजवायचे, खायचे, कुत्र्याला फिरवायचे. त्या काळात बाकीचे बँड आईबापांविरुद्ध बंड करत होते. यांनी काय केलं? अल्बमच्या आत आपल्या नातेवाइकांचा ग्रुप फोटो छापला! आजी-आजोबा, काका-काकू, पोरंटोरं, सगळे उन्हात उभे. लग्नाच्या अल्बममध्ये असतो ना, "या, या, सगळे या, एक फॅमिली फोटो होऊन जाऊ दे", अगदी तसा.

यांच्यात तीन गाणारे. हेल्म, रिक डँको आणि रिचर्ड मॅन्युएल. तिघांचे आवाज वेगळे. कोणी ओळीच्या आधीच घुसतो, कोणी मागे रेंगाळतो, एकाचा आवाज वर जाऊन जरा कातरतो. आज सॉफ्टवेअरने ते सगळं एका रेषेत आणता आलं असतं. पण मग त्यात माणसं उरली नसती. तीन माणसं एका खोलीत आहेत, एकमेकांकडे बघून गातायत, हे आपल्याला ऐकू येतं. आपल्या भजनी मंडळात बघा. पेटीवाल्या आजोबांचा सूर पक्का, मागच्या रांगेतल्या मावशींचा थोडा वर, एक काका प्रत्येक वेळी समेवर अर्धी मात्रा उशिरा. पण सगळे मिळून जो आवाज होतो, त्यात कोणाचाच आवाज बेसूर लागत नाही. मंडळाचा आवाज लागतो.

हे मी का सांगतेय? कारण आपल्यातल्या कितीतरी जणांना शाळेत कोणीतरी सांगितलेलं असतं, "तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव." गॅदरिंगच्या समूहगीतात मागे उभं केलेलं असतं. त्या दिवसापासून माणूस गाणं सोडतो आणि ऐकणारा होतो. आयुष्यभरासाठी. ही छोटी गोष्ट नाही दोस्तांनो. एका वाक्याने माणसाच्या तोंडातलं गाणं जातं. आणि मग वीस वर्षांचा मुलगा एकटा, कानात बोंडं घालून, सातासमुद्रापलीकडच्या चार कातरत्या आवाजांमध्ये आपली जागा शोधतो. त्याला वाटतं कोणीतरी खांद्यावर हात ठेवलाय. तर त्याला मी येडा म्हणणार नाही. तो बरोबर ठिकाणी आलाय.

आता दुसरा प्रश्न. हे खरं की बनवलेलं?

खोटं बोलून चालणार नाही, मित्रांचं म्हणणं पूर्ण चूक नाहीये. 'हो हे' गाजल्यावर त्या टाळ्या, ते पाय आपटणं, ती हाळी, हे सगळं जाहिरातींनी उचललं. बँक असो, मोबाइल असो, नवीन फ्लॅटची स्कीम असो, मागे तीच गिटार आणि तेच 'हे!'. हळद, मीठ, मसाला सगळं बरोबर, पण भाजीच नाही, असा प्रकार झाला. आज इंटरनेटवर या सगळ्याची टिंगलही होते. टिंगल रास्तही आहे.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? माझ्याकडे एक पुणेरी कसोटी आहे. लाइट जाऊ द्या. स्पीकर गेला, माइक गेला, रंगीत दिवे गेले. आता गाणं उरतं का? गिटार आणि गळा एवढ्यावर ते उभं राहत असेल तर ते गाणं आहे. नाही राहिलं तर तो कार्यक्रम होता.

आणि अजून एक कसोटी. त्या मजेच्या खाली काही आहे का? लुमिनिअर्सचंच सांगते. जेरेमायाचा मोठा भाऊ जॉश 2002 मध्ये ड्रग्जमुळे गेला. एकोणीस वर्षांचा होता. वेस्ली हा त्या जॉशचा जवळचा मित्र. म्हणजे हे दोघं एकत्र गाणी लिहायला बसले ते एकाचा भाऊ आणि एकाचा मित्र गेल्यानंतर. हे कळल्यावर ती हाळी पुन्हा ऐकून बघा. ती वेगळी ऐकू येते. पार्टीतली हाळी राहत नाही. अंधारात 'कोणी आहे का रे?' असं विचारल्यासारखी लागते.

आपल्याकडे हे नवं नाही. संत एकनाथांची भारुडं घ्या, सोळावं शतक. वरून बघितलं तर धमाल! सासू-सुनेची भांडणं, विंचू, वाघ्या-मुरळी, जोशी, वासुदेव. लोक खदाखदा हसतात. आणि हसता हसता मध्येच कळतं की हे आपल्याच अहंकाराबद्दल चाललंय, मरणाबद्दल चाललंय. खेळकर असणं म्हणजे उथळ असणं नाही. कधी कधी जड गोष्ट उचलायला खेळच लागतो. हमाल पण ओझं उचलताना हाळी देतातच की. मार्केट यार्डात पहाटे जाऊन ऐका.

बरं, आता तो तिसरा प्रश्न. ज्याच्यासाठी खरं तर हा एपिसोड आहे.

ही ऊब कोणाची आहे? आणि तिचं श्रेय कोणाला मिळतं?

बँजो या वाद्याची गोष्ट सांगते. आपण बँजो म्हटलं की गणपतीची मिरवणूक आठवते, बेंजो पार्टी आठवते. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, ढणढण वाजणारं. पण ते वाद्य वेगळं बरं का! आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ आहे जपानमध्ये, 1912 मध्ये नागोयात तयार झालेलं ताइशोगोतो नावाचं वाद्य. तिथून फिरत फिरत ते आपल्याकडे आलं, आपण त्याला पिकअप लावला, गाडीवर चढवलं आणि दुसऱ्याच वाद्याचं नाव देऊन टाकलं. मस्त आहे ना? जपानी वाद्य, आफ्रिकी-अमेरिकी नाव आणि वाजतं गणपतीपुढे.

अमेरिकन बँजो मात्र आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी घडवला. भोपळा, त्यावर कातडं, त्याला तारा. भोपळा आणि कातड्याची वाद्यं त्यांच्या आठवणीत होती, बाकी सगळं हिरावून घेतलेलं होतं. पुढे काय झालं? गोऱ्या लोकांनी तो उचलला, त्याची नक्कल करत तमाशे केले, आणि शंभर-दीडशे वर्षांत अशी वेळ आली की बँजो म्हणजे गोऱ्या शेतकऱ्यांचं वाद्य अशीच लोकांची समजूत झाली. ज्यांचं होतं त्यांचं नावच पुसलं गेलं.

गस कॅनन नावाचे एक जग बँडवाले होते. बँजो वाजवायचे आणि गळ्यात बुधला अडकवून तोही फुंकायचे. 1929 मध्ये त्यांनी 'वॉक राइट इन' हे गाणं रेकॉर्ड केलं. मग काळ बदलला, जग बँड लोक विसरले. 1963 साली रूफटॉप सिंगर्स नावाच्या गोऱ्या त्रिकुटाने तेच गाणं गायलं आणि ते अमेरिकेत एक नंबर झालं! तेव्हा गस कॅनन कुठे होते? मेम्फिसमध्येच. ऐंशीच्या आसपासचं वय. आदल्याच हिवाळ्यात कोळशासाठी त्यांना स्वतःचा बँजो गहाण टाकावा लागला होता. नशीब एवढंच की गाण्यावर त्यांचं नाव होतं, त्यामुळे थोडे पैसे मिळाले, आणि त्या वर्षी स्टॅक्स कंपनीने त्यांचा एक अल्बमही काढला. नाव होतं म्हणून. जिथे नाव नव्हतं तिथे नुसतं 'ट्रॅडिशनल' लिहिलं गेलं. विषय संपला.

आपल्याकडे तो शब्द आहे 'पारंपरिक'. यूट्यूबवर बघा. गीत: पारंपरिक. संगीत: पारंपरिक. खाली मात्र अरेंजर, मिक्सिंग, ड्रोन, मेकअप, सगळ्यांची नावं. मग ते गाणं ज्या गोंधळ्याकडून ऐकलं, ज्या मावशीने जात्यावर म्हणून दाखवलं, तिचं काय?

आणि वाईट याचं वाटतं की आपल्या परंपरेत नाव सांगायची किती सुंदर पद्धत आहे! अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा असते. एकनाथ तर नुसतं आपलं नाव घालत नाहीत, 'एका जनार्दनी' म्हणतात. जनार्दन म्हणजे त्यांचे गुरू जनार्दनस्वामी. म्हणजे चारशे वर्षांहून जास्त काळ झाला, जो कोणी तो अभंग गातो त्याला शिष्याबरोबर गुरूचंही नाव घ्यावंच लागतं. डिस्क्रिप्शन बॉक्समध्ये नाही, थेट गाण्यात. कोणी कापूच शकत नाही! शाहीरही पोवाड्याच्या शेवटी आपलं नाव, गाव सांगतात. 'पारंपरिक' लिहून मोकळं होणं ही आपली परंपरा नाहीच मुळी.

पुण्यातलंच एक उदाहरण आहे, तुम्हाला माहीत असायला हवं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर. 1980च्या दशकापासून यांनी आणि यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या! आणि त्यात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. आता 2017 पासून 'परी' या वेबसाइटवर त्या येतायत, आवाजासकट, फोटोसकट. फोनवर फुकटात ऐकता येतात. पिठाची गिरणी आली, जाती थांबली, पण त्या बायका निनावी राहिल्या नाहीत. हे किती मोठं काम आहे!

असंच काम अमेरिकेत एका बँडने केलं, आणि वाजवत वाजवत केलं. कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स. 2005 मध्ये तीन तरुण कृष्णवर्णीय वादक एकत्र आले. रायॅनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन. नॉर्थ कॅरोलायनात जो थॉम्पसन नावाचे फिडलवादक होते, ऐंशी पार केलेले. त्या जुन्या परंपरेतले अगदी मोजके कलावंत उरले होते, त्यातले एक. ही तीन मुलं नेमाने त्यांच्या घरी जायची. बसायची, वाजवायची, चुकायची, पुन्हा वाजवायची. आणि मग स्टेजवर बँजो, फिडल, बुधला, हाडांच्या चिपळ्या घेऊन जी धमाल करायची, बापरे! ऐकताना पाय थांबत नाही. 2011 मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. पण ते जिथे जायचे तिथे सांगायचे, हे आम्ही जो थॉम्पसनकडून शिकलो. जो 2012 मध्ये गेले, पण निनावी गेले नाहीत.

आता जरा आपल्या रस्त्यावर येऊ. सातारा रस्त्याला पद्मावतीजवळ लोकशाहीर अण्णाभाऊ साठे सभागृह आहे. तुमच्यातल्या किती जणांनी तिथे नाटक बघितलंय, गॅदरिंग केलंय? नाव रोज वाचतो आपण. अण्णाभाऊ 1920 साली सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात जन्मले. मुंबईत आले, गिरणीत राबले, आणि 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. डफ, तुणतुणं, ढोलकी, झील आणि कामगारांच्या वस्तीत तुफान गर्दी. 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड. बायकोला गावी सोडून मुंबईला आलेल्या माणसाचं दुःख, आणि चाल अशी की ठेका धरल्याशिवाय राहवत नाही.

बरोबर त्याच काळात अमेरिकेत वुडी गथ्री गिटार घेऊन मजुरांमध्ये, संपांमध्ये गात फिरत होता. ओक्लाहोमाचा, दुष्काळाने उठवलेल्या लोकांमधला. गथ्री गेला 1967 मध्ये, अण्णाभाऊ गेले 1969 मध्ये. दोघांना एकमेकांचं नावही माहीत नसेल कदाचित. पण डिलन, बर्ड्‌स, पुढचा सगळा फोक रॉक ज्या माणसाच्या अंगणात वाढला तो गथ्री. आणि आपला गथ्री? त्याच्या नावाच्या सभागृहासमोरून आपण रोज बसने जातो, कानात गथ्रीची नातवंडं लावून. जाऊ द्या की, लावा! फक्त एकदा मान वर करून पाटी वाचा.

आणि हे सगळं जुनंच आहे असंही नाही. मुंबईचा अभंग रिपोस्ट ऐका. संतांचे अभंग गिटार, बास, ड्रमवर, आणि तरी अभंग अभंगच राहतो. आपल्या पुण्याचा ईझी वाँडरलिंग्ज ऐका. इंग्रजीत गातात, 2017 मध्ये त्यांचा 'ॲज रिटन इन द स्टार्स' हा अल्बम आला. बासरी, गिटार, एकमेकांत मिसळलेले आवाज. पावसात टेकडीवर बसून ऐकायचं गाणं. अमेरिकन फोकची ती ऊब पुण्यात राहूनही तयार होते, त्याला पासपोर्ट लागत नाही.

तर माझ्या दोस्ता, तुझ्या मेसेजचं उत्तर. तू येडा बनत नाहीयेस. तुला जी ऊब लागते ती खरी आहे, कारण ती हाक आहे, आणि हाकेला ओ द्यावीशी वाटणं हा काही गुन्हा नाही. 'आपलं काहीच नाही त्यात' हे मात्र मला मान्य नाही. हाक आपल्याला ओळखीची आहे, घागर ओळखीची आहे, आवाजांची गर्दी ओळखीची आहे. फक्त एवढंच कर की ऐकून थांबू नकोस.

या आठवड्याचा गृहपाठ सगळ्यांना. घाबरू नका, सोपा आहे. घरातल्या किंवा बिल्डिंगमधल्या एका मोठ्या माणसाकडून एक गाणं मागा. आजीची ओवी, आजोबांचं भजन, कामाला येणाऱ्या मावशींचं गावाकडचं भोंडल्याचं गाणं, काहीही. आधी विचारा, "रेकॉर्ड करू का?" हो म्हणाल्या तरच फोन काढा. मग दोन प्रश्न विचारा: हे कोणाकडून शिकलात? कुठल्या गावात? फाइलला नाव देताना ती नावं लिहा. आणि मग, हे सगळ्यात महत्त्वाचं, त्यांच्याबरोबर गा. सूर हलला तर हलू दे. झील धरा. ध्रुवपद आलं की जोरात!

आणि ज्यांना शाळेत नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, त्यांच्यासाठी खास: यंदा सोसायटीच्या आरतीला मागच्या रांगेत उभे राहू नका. पुढे या. टाळ उरलेले असतातच एक-दोन, बादलीत. उचला.

चला, कुकर तिसऱ्यांदा वाजला, आता गॅस बंद केला नाही तर भाताचं काही खरं नाही. गाणी पाठवा, नावांसकट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला. तोपर्यंत काळजी घ्या आणि गात राहा!